दुसरी बातमीही आमच्यापर्यंत पोहोचू द्या

मूत्राशयाच्या आजारांवर मूळपेशींचे उपचार शोधणाऱ्या सर्व डॉक्टरांना आणि शास्त्रज्ञांना,

सविनय नमस्कार.

माझ्याकडे वर्तमानपत्राचं एक कात्रण आहे, एप्रिल २००६ मधलं. घड्यांवरची अक्षरं उडालीत, पण बातमी मला तोंडपाठ आहे. प्रयोगशाळेत वाढवलेलं मूत्राशय रुग्णांना बसवलं, अशी ती बातमी. रुग्ण सात. सगळे ४ ते १९ वर्षांचे, आणि सगळे माझ्या मुलीसारखे, म्हणजे पाठीच्या कण्यातला दोष घेऊन जन्मलेले.

माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. स्पायना बिफिडा. गर्भात असताना कण्याची हाडं मागून नीट मिटली नाहीत आणि मज्जारज्जू उघडा राहिला. पाठीवरची जखम जन्मल्यानंतर लगेच शिवली गेली, पण लघवीच्या पिशवीकडे जाणाऱ्या नसा कामातून गेल्या त्या गेल्याच. दर तीन-चार तासांनी मी किंवा तिची आई, जो हाताशी असेल तो, स्वच्छ हात धुऊन, नळीला जेली लावून तिची लघवी काढायचो. रात्री गजर लावून उठायचो. १९७२ मध्ये जॅक लॅपिडिस यांनी ही साधी पद्धत मांडली आणि तिनं असंख्य मुलांच्या किडन्या वाचवल्या, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की हे आयुष्यभर चालणार. आणि अशात ती बातमी हाती पडली. आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडलो होतो. आनंदानं.

हे पत्र त्या बातमीनंतर काय झालं याबद्दल आहे. तुमच्या कामाबद्दल मला अतोनात आदर आहे, म्हणूनच लिहितो आहे.

आमच्यासारख्या घरात मूत्राशय म्हणजे काय, ते युरोडायनॅमिकच्या, म्हणजे मूत्राशयातला दाब मोजण्याच्या, खोलीत कळतं. एक बारीक नळी लघवीच्या जागेतून आत, दुसरी गुदद्वारातून. पिशवीत सलाईन हळूहळू सोडतात आणि पडद्यावर दाबाची रेष सरकत राहते. चांगली पिशवी भरत जाते आणि रेष जवळजवळ आडवीच राहते. भिंत सैल पडते, जागा करून देते, आतला दाब वाढू देत नाही. जिच्या भिंतीत व्रण धरलाय, म्हणजे जी ताठर झालीय, अशा पिशवीची रेष मात्र पहिल्या काही चमच्यांतच चढायला लागते. माझी मुलगी त्या टेबलावर पडून माझं बोट धरायची आणि मी तिच्याकडे न बघता रेषेकडे बघायचो. नर्सबाई म्हणायच्या, "खोक गं बाळा." ती खोकायची, रेष उसळायची, पुन्हा खाली यायची. खाली किती येते, तेवढंच मला बघायचं असायचं.

पाण्याच्या ४० सेंटिमीटर उंचीएवढा दाब. हा आकडा आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. १९८१ मध्ये एडवर्ड मॅक्ग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच मुलांचा अभ्यास करून दाखवलं, की लघवी गळायला लागताना आतला दाब ४० च्या वर असेल तर वरच्या नलिका फुगतात, लघवी उलटी वर चढते आणि किडन्या धोक्यात येतात. म्हणजे ओले कपडे आणि दुर्गंध हा त्रासाचा दिसणारा भाग. खरं नुकसान दिसत नाही, दुखतही नाही. ते वर, किडनीत, गुपचूप होत राहतं.

व्रण धरण्याची कारणं वेगळी, वाट एकच. कुणाला मणक्याची इजा, कुणाला कर्करोगासाठी घेतलेलं रेडिएशन, कुणाला वर्षानुवर्षं वाढलेल्या प्रोस्टेटचा अडथळा, कुणाला क्षय, कुणाला केटामिनचं व्यसन. भिंत सतत ताणाखाली किंवा दाहात राहते, टीजीएफ-बीटासारखे पेशींमधले रासायनिक संदेश सुटत राहतात, साध्या जोडपेशी कोलॅजन ओतणाऱ्या पेशी होतात आणि जिथे स्नायू हवा तिथे दोरखंड तयार होतात. अशी भिंत ना ताणली जाते, ना नीट आकुंचन पावते. गोळ्या, पिशवीत सोडायचं औषध, बोटॉक्सची इंजेक्शनं, हे सगळं स्नायूला सैल करतं. व्रण विरघळवत नाही. म्हणूनच मूळपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून वेगळ्या प्रकारच्या पेशी घडू शकतात त्या पेशी, हा शब्द ऐकला की आमचे कान टवकारतात. खराब झालेली भिंतच कुणी नव्यानं घडवून देणार असेल, तर आणखी काय हवं?

आता आमच्या चुकीकडे येतो.

२०१३ मध्ये, ती नऊ वर्षांची असताना, रेष ५० च्या वर गेली. गोळ्या झाल्या होत्या, बोटॉक्स झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं की आता आतड्याचा तुकडा लावून पिशवी मोठी करावी लागेल. मी विचारलं, "प्रयोगशाळेतली पिशवी कधी येणार?" ते म्हणाले, "संशोधन चालू आहे." खोटं ते बोलले नाहीत. मी मात्र त्या तीन शब्दांवर तीन वर्षं काढली. मुलीच्या पोटात आतडं कापून शिवायचं आणि दोन वर्षांत नवी पिशवी बाजारात आली तर? असा हिशेब करत, दर सहा महिन्यांनी शस्त्रक्रिया पुढे ढकलत राहिलो. २०१६ मध्ये किडनीचं डीएमएसए स्कॅन केलं; किडनीचा कुठला भाग काम करतो ते त्यात दिसतं. उजव्या किडनीचा वरचा कोपरा चित्रात आलाच नाही. मला वाटलं, फोटो नीट निघाला नसेल. फोटो नीटच होता. तिथे व्रण होता.

त्या महिन्यात शस्त्रक्रिया झाली. आतड्याचा तुकडा लागला, दाब उतरला, राहिलेली किडनी वाचली.

त्यानंतर वर्षभरानं, तिच्या दवाखान्यातल्या एका शिकाऊ डॉक्टर मुलीनं मला दुसरी बातमी दिली. तिला वाटलं होतं की मला ठाऊकच असेल. २००६ च्या त्याच तंत्रावर, कंपनीमार्फत, पुढची चाचणी झाली होती. स्पायना बिफिडाची दहा मुलं. स्वतःच्या पेशी, त्या पसरायला शरीरात विरघळणारा सांगाडा, तीन वर्षांपर्यंत पाठपुरावा. निकाल २०१४ मध्ये छापून आला होता. पिशवीच्या क्षमतेत उपयोगी पडेल अशी वाढ झाली नाही. ताण सोसण्याची ताकद काहींची थोडी सुधारली, पण भरवसा ठेवण्याइतकी नाही. आतडं अडकणं, पिशवी फाटणं असे गंभीर प्रकार झाले आणि ते मान्य होण्यापलीकडचे आहेत, असं संशोधकांनी स्वतःच लिहिलं. त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीही दिवाळखोरीत गेली.

म्हणजे मी ज्या पिशवीची वाट बघत होतो, ती येणार नाही हे २०१४ मध्ये छापलेलं होतं. माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती आणि तिची उजवी किडनी कदाचित अजून शाबूत होती.

पहिली बातमी जगभरच्या वर्तमानपत्रांत आली, टीव्हीवर आली, आमच्या स्वयंपाकघरात आली. दुसरी एका वैद्यकीय मासिकात आली. त्या संशोधकांना मी दोष देत नाही. अपयश स्वच्छ शब्दांत छापायला धैर्य लागतं आणि त्यांनी ते दाखवलं. माझं म्हणणं तुम्हा सगळ्यांना मिळून आहे. हेलसिंकीच्या जाहीरनाम्यात, म्हणजे माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाच्या जागतिक नीतितत्त्वांत, लिहिलंय की नकारात्मक आणि अनिर्णीत निकालही सकारात्मक निकालांप्रमाणेच प्रसिद्ध व्हायला हवेत. मासिकात छापलं की ते कलम पाळलं, असं तुम्ही धरता. ज्यांच्या घरात नळी आहे त्यांच्यापर्यंत ते पोहोचत नाही. पहिल्या बातमीसाठी तुमची संस्था पत्रकार परिषद घेते, तशीच दुसऱ्या बातमीसाठीही घ्यावी, हे माझं पहिलं आणि सगळ्यात मोठं मागणं आहे.

मधल्या काळात मी बरंच वाचलं. मी डॉक्टर नाही, पण वीस वर्षं एका पिशवीकडे बघत असलेला माणूस आहे.

२००६ च्या त्या पिशवीत मूळपेशी नव्हत्याच, हे मला कळायला अकरा वर्षं लागली. मुलांच्याच मूत्राशयाचा छोटा तुकडा काढून त्यातल्या अस्तराच्या आणि स्नायूच्या तयार पेशी वाढवल्या होत्या. आजारी पिशवीतून घेतलेल्या पेशी बाहेर वाढवल्या तरी निरोगी पेशींसारख्या वागतीलच असं नाही, हे नंतर लक्षात येत गेलं. म्हणून तुमच्यातल्या काहींनी अस्थिमज्जेतल्या पेशींकडे मोर्चा वळवला. मज्जेतल्या पेशी, कारण त्या आजारी भिंतीत कधी राहिलेल्याच नाहीत. हा विचार मला पटतो. रक्तपुरवठ्याचा प्रश्नही तुम्हीच उलगडून दाखवलात: केशवाहिनीपासून केसाच्या एक-दोन जाडींएवढ्या अंतरापलीकडे पेशीला प्राणवायू पुरत नाही. जाड सांगाड्यावर पेशी पसरून तो पोटात शिवला, की आतल्या पेशी रक्तवाहिन्या पोहोचेपर्यंत गुदमरतात आणि त्यांच्या जागी पुन्हा व्रणच येतो. पहिल्या सात जणांमध्ये ज्यांच्या पिशवीवर पोटातला चरबीचा पदर गुंडाळला होता त्यांचे निकाल उजवे होते, त्याचं कारण आता समजतं. हे सगळं मोलाचं आहे आणि ते चालू राहावं असं मला मनापासून वाटतं.

पण उंदरांवरचे निकाल सांगताना जरा थांबा. मज्जारज्जू कापलेल्या किंवा लघवीची वाट आवळलेल्या उंदराच्या पिशवीत मूळपेशी टोचल्या, की कोलॅजन घटतं, आकुंचन सुधारतं. असे कितीतरी प्रयोग आहेत. त्यातल्या बहुतेकांत पेशी दिल्या जातात इजेनंतर काही दिवसांत किंवा आठवड्यांत, व्रण अजून ओला असताना. आमच्या मुलांचा व्रण पंधरा वर्षांचा असतो. व्रण धरू न देणं आणि धरलेला व्रण उलटवणं ही दोन वेगळी कामं आहेत. तुमच्या लेखात हा फरक असतो, सारांशात पुसट होतो आणि बातमीत नाहीसा होतो.

आणि ह्या पेशी आत जाऊन नेमकं करतात काय? ज्यांनी १९९१ मध्ये मज्जेतल्या अशा पेशींचं 'मेसेन्कायमल स्टेम सेल' हे नाव रूढ केलं, त्या अर्नल्ड कॅप्लान यांनीच २०१७ मध्ये ते नाव बदलायला हवं असं लिहिलं. कारण टोचलेल्या पेशी बहुतेक वेळा नवा स्नायू बनत नाहीत. काही काळ राहतात, दाह शमवणारे संदेश सोडतात आणि निघून जातात. हेही औषधच आहे, मी त्याला कमी लेखत नाही. पण 'तुमच्या मुलीची पिशवी नव्यानं वाढेल' आणि 'तुमच्या मुलीच्या पिशवीतला दाह काही महिने कमी होईल' ही दोन वाक्यं ऐकणाऱ्या आईला एक वाटत नाहीत.

नेमक्या ह्याच फटीत दुकानं उघडली आहेत. २०१५ मध्ये, आम्ही शस्त्रक्रिया ढकलत होतो तेव्हा, मी मुलीला घेऊन अशाच एका ठिकाणी गेलो होतो. नाव घेत नाही. स्वच्छ जागा, नम्र माणसं, भिंतीवर पडदा, पडद्यावर चालायला लागलेले रुग्ण. मी विचारलं, "उपचाराआधीचा आणि नंतरचा दाबाचा आलेख दाखवता का?" त्यांनी आणखी एक व्हिडिओ लावला. अकरा वर्षांची माझी पोर तेवढ्यात म्हणाली, "मला टोचणार कुठे?" समुपदेशक म्हणाले कंबरेत. डॉक्टर म्हणाले हाताच्या शिरेतून. बाहेर कागद भरून घेणाऱ्या बाई म्हणाल्या, दोन्हीकडे, शिवाय पिशवीतही. आम्ही उठलो. माझ्या शहाणपणानं नाही, तिच्या प्रश्नानं उठलो.

शिरेतून दिलेल्या ह्या पेशी आधी फुप्फुसांच्या बारीक वाहिन्यांत अडकतात, मूत्राशयापर्यंत फारच थोड्या पोहोचतात, हे आता मला माहीत आहे. मणक्याची इजा झालेल्या एका तरुणीच्या पाठीत नाकाच्या अस्तरातल्या पेशी घातल्या होत्या. आठ वर्षांनी तिथे गाठ सापडली आणि ती शेंबडासारखा स्राव तयार करत होती. हे २०१४ मध्ये छापून आलं. २०१७ मध्ये डोळ्यांत चरबीतल्या पेशी टोचलेल्या तीन स्त्रियांची दृष्टी गेल्याचं छापून आलं. ती दुकानं चालवणारे तुम्ही नव्हे. पण पडद्यावर ते तुमच्या लेखांची पहिली पानं दाखवतात. तुमचं नाव तिथे वापरलं जात असेल, तर उघडपणे 'हे आमचं नाही' असं सांगणं तुमचं काम आहे. चाचणीत भाग घेण्यासाठी रुग्णाकडून पैसे घेणारा कुणी सहकारी असेल, तर त्यालाही तुम्हीच अडवायला हवं. आमच्या शब्दाला तिथे वजन नाही.

तुलनेच्या गटाबद्दल बोलायला मला जड जातं, तरी बोलतो. बाप म्हणून मला वाटतं की माझ्या मुलीला खरी पेशी मिळावी, नुसतं पाणी टोचू नये. पण खोकताना लघवी गळणाऱ्या दीडशे स्त्रियांवरची चाचणी मी वाचली. स्नायूतून काढलेल्या स्वतःच्या पेशी एका गटाला, नुसता द्रव दुसऱ्याला. दोन्ही गटांत निम्म्याहून किंचित जास्त जणींना सारखाच फरक पडला. तुलना नसती तर तोच उपचार यशस्वी म्हणून जाहीर झाला असता. लघवीच्या तक्रारी मनाच्या उभारीनं, काळजी घेतली गेल्यानं, नुसत्या नोंदवहीत लिहिण्यानंही बऱ्या वाटतात. आळसावलेल्या, म्हणजे नीट आकुंचन न पावणाऱ्या, मूत्राशयात अशाच पेशी टोचण्याचा वीस जणांवरचा अभ्यास झाला आहे; त्यात तुलनेचा गट नव्हता. कोरियात मूत्राशयाच्या अस्तरावर 'हुनर' नावाचे दुखरे चट्टे असलेल्या तीन रुग्णांना भ्रूणीय मूळपेशींपासून बनवलेल्या पेशी दिल्या गेल्या. तीन जणांवरून सुरक्षिततेचा पहिला अंदाज येतो, आणि तेवढाच सांगितला जावा. वेदना आणि समाधान जरूर विचारा, पण दाबाचा आलेख आधी, मध्ये आणि नंतर काढल्याशिवाय 'सुधारणा' हा शब्द वापरू नका. रेष खोटं समाधान मानत नाही.

मोजायचंच आहे तर आमच्याही काही गोष्टी मोजा. दोन नळ्यांमध्ये किती तास गेले. रात्रीत किती वेळा गजर झाला. वर्षभरात किती वेळा तापानं दवाखाना गाठला. माझ्या मुलीला मी एकदा विचारलं, तुला अगदी हवं ते सांग. मला वाटलं, आपोआप लघवी व्हावी म्हणेल. ती म्हणाली, "एक रात्र सलग सात तास."

तिच्या आतड्याच्या पिशवीलाही आता नऊ-दहा वर्षं झाली. आतडं आपला धर्म सोडत नाही, ते चिकट स्राव सोडतच राहतं. रोज रात्री साठ मिलीच्या पिचकारीनं सलाईन आत सोडायचं, ओढायचं, पुन्हा सोडायचं. बाहेर येणारं पाणी आधी गढूळ असतं, त्यात पांढरे धागे तरंगतात, तिसऱ्या-चौथ्या वेळेला नितळ होतं. नितळ झालं की ती पिचकारी खाली ठेवते आणि झोपते. खडे होऊ शकतात, रक्तात आम्ल साचू शकतं, बी-१२ घटू शकतं, पिशवी फाटू शकते, पुढे कर्करोगाकडेही लक्ष ठेवायला लागतं. एवढं सगळं असूनही ह्याच शस्त्रक्रियेनं तिला वाचवलं. म्हणून आणखी एक विनंती. 'पुढे काहीतरी चांगलं येतंय' असं सांगताना, त्याच बैठकीत सांगा, 'पण आजची शस्त्रक्रिया त्यासाठी थांबवू नका.' हे वाक्य मला २०१३ मध्ये कुणी म्हटलं असतं, तर मी ऐकलं असतं.

तुम्ही थांबावं असं मी म्हणत नाही. माकडांवर मज्जेतल्या पेशी आणि नव्या प्रकारचे लवचिक सांगाडे वापरून दीर्घकाळ पाठपुरावा करणारं काम चालू आहे, ते मी जमेल तसं वाचतो. न समजलेल्या शब्दांखाली रेघा मारून तिला विचारतो. ती आता एकवीस वर्षांची आहे आणि ह्यातलं माझ्यापेक्षा जास्त तिला कळतं.

हे पत्र मी तिला वाचून दाखवलं. तिनं एकच भर घालायला सांगितली. तिच्या लहानपणापासूनचे दाबाचे सगळे आलेख, स्कॅन आणि नळीच्या नोंदवह्या आमच्याकडे तारीखवार लावलेल्या आहेत. तुमच्यापैकी कुणी नीट नोंदवलेली, तुलनेचा गट असलेली चाचणी करणार असेल, तर ते सगळं ती द्यायला तयार आहे. आणि चिठ्ठी टाकून तिचं नाव नुसतं पाणी मिळणाऱ्या गटात निघालं, तरी ती येईल. निकाल काहीही लागो, तो तिला आधी सांगा, एवढीच तिची अट आहे.

आपला,
एका मुलीचा बाबा